कूस बदलताना गरगरलं, तर दोष मानेचा नाही

मान दुखतेय आणि चक्करही येतेय म्हटलं की आपल्याकडे निदान घरीच होतं: स्पाँडिलायसिस. मग एक्स-रे, मग गळ्यात पट्टा. एक्स-रेत मणक्यांची झीज दिसते आणि सगळ्यांची खात्री पटते. पन्नाशीनंतर ही झीज कधीही चक्कर न आलेल्यांच्या मानेतही सर्रास दिसते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आखडलेली मान सगळ्यांच्या ओळखीची, तिच्यावर वेळ घालवत नाही. तोलाशी तिचा संबंध एवढाच की कवटीखालच्या पहिल्या दोन-तीन मणक्यांचे सांधे आणि तिथले छोटे स्नायू डोकं कुठे वळलंय ही खबर मेंदूला सतत देत असतात. ती खबर डोळ्यांच्या आणि कानाच्या खबरीशी जुळली नाही की माणूस तरंगल्यासारखा चालतो, मान ताठ धरतो आणि हाक मारली तर अख्ख्या अंगाने वळतो. पण खोली फिरत नाही. मराठीत गरगरणं, भोवळ, तोल जाणं असे वेगवेगळे शब्द असताना डॉक्टरसमोर सगळे नुसतं 'चक्कर' का म्हणतात, हे मला कळत नाही.

खोली फिरते ती बहुतेक वेळा कानामुळे. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. ते जागा सोडून तिथल्याच, डोक्याची हालचाल टिपणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं कलताच घरंगळतात आणि सगळं गरगरतं. बहुधा मिनिटभराच्या आतच ते थांबतं.

खरा घोटाळा इथे होतो. माळ्यावरचा डबा काढायला वर पाहिलं आणि गरगरलं. मान मागे गेली होती, म्हणून दोष मानेवर. पण त्याच क्षणी डोकंही कललं होतं, म्हणजे कानही हलला होता. एका हालचालीत दोघं सापडले, तर चोर कोण हे कसं ठरवणार?

अंथरुणात ठरवायचं. कूस बदलताना डोकं आणि धड जवळजवळ एकत्र वळतात, मानेला फारसा पीळ पडत नाही. तरीही गरगरलं, तर संशय कानावर. याच्या उलट सरळ बसून, डोकं न कलवता, फक्त उजवीकडे-डावीकडे पाहताना मान दुखून अस्थिर वाटलं, तर मानेकडे बघायचं. फिजिओथेरपिस्ट फिरत्या खुर्चीत बसवून डोकं स्थिर धरतात आणि धड फिरवतात, ते याचसाठी: मान पिळते, कान जागचा हलत नाही. मानेची चक्कर पक्की सिद्ध करणारी एकच अशी चाचणी मात्र नाही. बाकीची कारणं वगळावी लागतात.

आणखी एक उलटा प्रकार. कानाची चक्कर येणारा माणूस भीतीने आठवडाभर मान ताठ ठेवतो आणि त्यानेच ती दुखू लागते. दुखणं नंतरचं असतं, पण खापर त्याच्यावर फुटतं.

कानातले खडे गोळ्यांनी जागेवर जात नाहीत. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते परत नेतात. अमेरिकेतल्या जॉन एपली यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत काही मिनिटांची आहे. त्यात मान मागे न्यावी लागते, म्हणून दुखत असेल तर आधी सांगा. मानेला हवा व्यायाम. महिनोन्महिने घातलेल्या पट्ट्याने स्नायू दुबळेच होतात. आणि न्हाव्याकडून मान कडकडा मोडून घेणं तर मला बघवतही नाही. तिथूनच मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात.

चक्कर नाही, पण चालताना झोक जातो, शर्टाची बटणं लागत नाहीत, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, असं असेल तर कानाची चक्कर आणि मानेची चक्कर, दोन्ही विसरा. तिथे मानेत मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि अचानक चक्करेबरोबर जीभ जड झाली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर थेट इमर्जन्सी गाठा.