हिशेबपट्टीतील धर्मादाय आणि कायद्यातील दोन टक्के : सांगली-साताऱ्यातील देणगीची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याकडे व्यापारी आणि उद्योजक गरजू मुलांना वह्या-दप्तरे देतात, महापुरानंतर कुटुंबांपर्यंत धान्य पोचवतात, तेव्हा त्यामागे एखाद्याचा मोठेपणा शोधला जातो. या देण्याचा उगम मात्र उदारपणापेक्षा व्यवहाराच्या हिशेबात अधिक सापडतो. पश्चिम भारतातील जुन्या अडत बाजारांत पट्टीवर, म्हणजे सौद्याच्या हिशेबाच्या कागदावर, अडत (दलाली), हमाली, तोलाई यांच्या जोडीला ‘धर्मादाय’ अशीही एक ओळ असे. रक्कम किरकोळ, पण ती सौद्यागणिक कापली जाई आणि त्यातून पांजरपोळ (भाकड-जखमी जनावरांचे आश्रयस्थान), धर्मशाळा, पाणपोया चालत. दानाचे नाव व्यापाऱ्याचे होई. पैसा मात्र पुष्कळदा माल आणणाऱ्याचा किंवा नेणाऱ्याचा असे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५४ ने या रूढीला हिशेबाची शिस्त लावली आणि अशी रक्कम गोळा करणाऱ्याला तिचा विश्वस्त ठरवले.

दुसरा प्रवाह कारखानदारीतून आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथला लोखंडी नांगर गावोगाव पोचवणाऱ्यांत भाऊराव पाटील होते. ओगले काच कारखान्यासाठीही त्यांनी काम केले होते. विक्रीच्या निमित्ताने झालेल्या या भटकंतीत खेड्यांतले दारिद्र्य आणि निरक्षरता त्यांनी जवळून पाहिली. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. त्यांच्या जेवणाचा भार धनिकांच्या देणग्यांवर पेलणारा नव्हता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने त्यात गेले आणि घरोघरच्या बायकांनी दळणातून मूठभर धान्य बाजूला काढायचे, असा ‘मुष्टिफंड’ उभा राहिला. या भागातील देणगीचा इतिहास सांगताना कारखानदारांआधी त्या मुठीची नोंद घ्यायला हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वातंत्र्यानंतर रकमा वाढल्या आणि देणगीदारांची नावे इमारतींवर आली. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. पुढे सहकारी साखर कारखान्यांच्या आधाराने शाळा, महाविद्यालये, दवाखाने निघाले. सभासदांच्या उसावर उभ्या राहिलेल्या या संस्थांचे श्रेय बहुधा अध्यक्षांच्या खात्यावर जमा झाले, ही जुन्या धर्मादायाचीच पुढची आवृत्ती म्हणता येईल.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून किमान ५०० कोटींचे नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य देणे अपेक्षित आहे. पेठेतील बहुतेक दुकाने या मर्यादेच्या कितीतरी खाली राहतात. सहकारी साखर कारखाना तर या कायद्याखालील कंपनीच नाही. त्यामुळे दर हंगामात फडावर येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काही कारखान्यांच्या आवारात निघालेल्या साखरशाळांमागे दोन टक्क्यांची सक्ती नव्हती. त्यांचा भार संचालक मंडळाची इच्छा, सरकारी योजना आणि स्वयंसेवी संस्था यांच्यावरच राहिला.