बाहेरचे स्वयंपाकघर : बार्बेक्यू आणि फ्रिजसह आखणी

बाहेरचे स्वयंपाकघर म्हणजे घराच्या भिंतींबाहेर, अंगणात, परसात, गच्चीवर किंवा ओसरीलगत कायमचे बांधलेले स्वयंपाकाचे ठिकाण. चाकांवरचा बार्बेक्यू ओढत आणून केलेली तात्पुरती सोय यात धरत नाहीत. ओट्याच्या पोटात बसवलेला बार्बेक्यू, त्याच ओट्याखालचा फ्रिज, बहुधा एक सिंक आणि या सर्वांना लागणारे गॅस, वीज व पाणी हे त्याचे घटक. दिसायला ते आतल्या स्वयंपाकघरासारखे असले तरी त्याला ऊन, पाऊस, वारा आणि धूळ सोसावी लागते. शिवाय सगळे पक्के बांधलेले असल्यामुळे आखणीतली चूकही तितकीच पक्की होऊन बसते.

बार्बेक्यू तापवतो आणि फ्रिज गार करतो, म्हणून दोन्ही एकमेकांच्या उलट वाटतात. ओट्याच्या दृष्टीने मात्र दोघांचे काम एकच: उष्णता बाहेर टाकणे. फ्रिज आतल्या वस्तूंमधली उष्णता ओढून घेतो, तिच्यात कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता मिसळतो आणि सगळी कंडेन्सरवाटे, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या नळ्यांवाटे, बाहेर सोडतो. अशी दोन उपकरणे दगड-सिमेंटच्या बंद पेटीत शेजारीशेजारी कोंडली, की फ्रिज गार होत नाही आणि बार्बेक्यूभोवतीचा ओटा तडकू लागतो. त्यामुळे आखणीत खरा विचार लागतो तो ओट्याच्या पोटातल्या हवेचा. फरशीचा रंग नंतरही ठरवता येतो.

क्रम. आधी उपकरणे निवडावीत, मग ओटा बांधावा. उलट क्रमाने गेलेली कामे बहुतेक वेळा तोडफोडीवर येतात. ओट्यात बसवायचा बार्बेक्यू त्याच्या काठावर लटकून राहतो. त्यासाठी ठेवायच्या खाचेची रुंदी, खोली आणि उंची उत्पादकाच्या नकाशात दिलेली असते. खाच एक सेंटिमीटर लहान झाली तर बार्बेक्यू आत जात नाही, मोठी झाली तर काठाला टेकू मिळत नाही. बाहेरून सारख्याच रुंदीच्या दिसणाऱ्या दोन बार्बेक्यूंच्या खाचा सारख्या असतीलच असे नाही, म्हणून अंदाजाने काम करू नये. झाकण उघडल्यावर मागे किती झुकते हेही त्याच नकाशात पाहावे. मागे भिंत असेल आणि ही जागा सोडली नसेल तर झाकण अर्ध्यावर अडते. झाकणबंद बार्बेक्यूची ओळख घडवली ती 1952 मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयापासून बनवलेल्या गोल शेगडीने. वाऱ्यापासून आडोसा आणि आचेवर ताबा ही झाकणाची दोन कामे अजूनही तीच आहेत.

जागा आणि वारा. जागा ठरवताना सावली आणि घरापासूनचे अंतर सगळेच पाहतात, वाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष होते. ओट्यात बसवायच्या बहुतेक गॅस बार्बेक्यूंमध्ये तापलेली हवा झाकणाच्या मागच्या फटीतून बाहेर पडते. वारा नेमका मागून आला तर ती बाहेर पडू शकत नाही, उलट शेगडीच्या पेटीतून पुढे ढकलली जाते. मग नॉब हाताला चटके देतात, त्यांचे प्लास्टिक मऊ पडते, आतली स्पार्कची वायर करपते आणि दोष उपकरणाच्या माथी मारला जातो. जिथे वारा वर्षाचा बराच काळ एकाच दिशेने वाहतो तिथे तो स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीकडून किंवा बाजूने येईल अशी बार्बेक्यूची तोंडदिशा ठेवावी. ते जमत नसेल तर मागे थोडे अंतर सोडून आडोशाची भिंत घालतात.

धूर घराच्या खिडक्यांत किंवा शेजाऱ्यांकडे जाणार नाही इतके लांब, आणि भांडी घेऊन दहा खेपा घालाव्या लागणार नाहीत इतके जवळ, असे अंतर शोधावे लागते. लाकूड, प्लास्टिकचे पत्रे, वेली अशा पेट घेणाऱ्या वस्तूंपासून किती दूर राहायचे हे उपकरणाच्या पुस्तिकेत आणि स्थानिक बांधकाम नियमांत दिलेले असते. दोन्हींतले जास्तीचे अंतर पाळावे. वर छप्पर असेल तर धूर ओढणारी चिमणी लागते. बाहेरची हवा धूर इकडेतिकडे पसरवते, म्हणून चिमणीचे तोंड बार्बेक्यूपेक्षा दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटर रुंद आणि तिची ओढ आतल्या चिमणीपेक्षा बरीच जास्त असावी.

मांडणी. जागेचे गरम (बार्बेक्यू), गार (फ्रिज), ओले (सिंक) आणि कोरडे (मोकळा ओटा) असे चार भाग कल्पून मांडणी करण्याची पद्धत आहे. बार्बेक्यूच्या एका बाजूला सुमारे 60 आणि दुसऱ्या बाजूला किमान 30 सेंटिमीटर मोकळा ओटा ठेवावा. गरम जाळीवरून उचललेले ताट टेकवायला जागा नसेल तर बाकीची सगळी शोभा व्यर्थ आहे. ओट्याची उंची सर्वसाधारणपणे 90 सेंटिमीटर धरतात. बसायची बाजू जोडायची असेल तर ती 105 ते 110 सेंटिमीटरपर्यंत उचलतात, म्हणजे तेलाचे शिंतोडेही समोरच्याच्या अंगावर उडत नाहीत. फ्रिज ओट्याच्या बाहेरच्या टोकाला असावा. थंड पाण्यासाठी सतत कोणीतरी येणार, आणि तो माणूस निखाऱ्यांपुढे उभ्या असलेल्याच्या पाठीमागून जाता कामा नये. कागदावरचा आराखडा या बाबतीत फसवतो. जमिनीवर खडूने ओटा आखावा, बार्बेक्यू आणि फ्रिजच्या जागी खोकी ठेवावीत, फ्रिजच्या दारासाठी पुठ्ठा धरून तो उघडून पाहावा आणि हातात रिकामे ताट घेऊन चालून बघावे. दार कोणत्या हाताला उघडायला हवे हे तेव्हाच कळते.

इंधन आणि ओट्याचे पोट. गॅसवरचा बार्बेक्यू लवकर तापतो आणि आच हवी तशी वर-खाली करता येते. कोळशावरचा उशिरा तापतो, पण त्याचा धूर आणि कोरडी प्रखर आच आवडणारे लोक गॅसकडे वळत नाहीत. लाकडाच्या गोळ्यांवर आणि विजेवर चालणारेही असतात; त्यांना बाहेर वीज लागतेच. बंद किंवा तीन बाजूंनी झाकलेल्या जागेत कोळसा पेटवणे धोक्याचे आहे, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. कोळशाचा बार्बेक्यू ओट्यात बसवायचा असेल तर राख काढायला पुढून किंवा खालून वाट ठेवावी. राख ओली झाली की तिच्यातले क्षार धातू खातात, आणि वरून विझल्यासारखी दिसली तरी तिच्या पोटात निखारा कित्येक तास जिवंत राहतो. म्हणून ती झाकणाच्या धातूच्या डब्यातच काढतात.

गॅसच्या बाबतीत ओट्याच्या भिंतीत झरोके कुठे ठेवायचे हे गॅसच्या वजनावर ठरते. सिलिंडरमधला प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो पाण्यासारखा खाली उतरून ओट्याच्या तळाशी साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने वरच्या कोपऱ्यात जमतो. त्यामुळे सिलिंडरसाठी झरोके जमिनीलगत आणि नैसर्गिक वायूसाठी वर, ओट्याच्या फरशीखाली लागतात. प्रत्यक्षात दोन समोरासमोरच्या बाजूंना वर आणि खाली असे दोन्हीकडे झरोके ठेवणे उत्तम, कारण त्याने उष्णतेलाही वाट मिळते. झरोक्यांना जाळी हवी, पण बारीक जाळीत धूळ आणि कोळ्याची जाळी अडकून काही महिन्यांत हवा बंद होते, तेव्हा ती काढून धुता येईल अशी असावी.

सिलिंडरचा कप्पा बार्बेक्यूच्या पोकळीपासून भिंतीने वेगळा ठेवावा आणि त्यात सॉकेट किंवा स्विच घेऊ नये. गॅस बंद करण्याचा व्हॉल्व्ह बार्बेक्यूच्या मागे लपवला तर ऐन वेळी ज्वाळेवरून हात न्यावा लागेल. तो बाजूला, सहज पोहोचेल असा हवा. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून गॅस सुरू करतात आणि बर्नर बंदच ठेवतात. फेसात बुडबुडा फुगू लागला की तो सांधा गळतो आहे. ही परीक्षा दर हंगामाच्या सुरुवातीला आणि सिलिंडर बदलताना पुन्हा करावी. नैसर्गिक वायूचा बार्बेक्यू सिलिंडरला तसाच जोडू नये. त्याच घनफळात प्रोपेनमधून सुमारे अडीचपट उष्णता मिळते, म्हणून दोन्हींसाठी नोझलची छिद्रे आणि रेग्युलेटर वेगळे असतात.

सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांचा, विटांचा किंवा गॅल्व्हनाइज्ड पोलादी पट्ट्यांवर सिमेंट बोर्ड ठोकून केलेला असावा. लाकडी सांगाडा असलाच तर बार्बेक्यूभोवती उत्पादकानेच बनवलेले दुहेरी भिंतीचे पोलादी आवरण बसवावे लागते. त्यावर पैसे वाचवणे परवडत नाही.

फ्रिज. आतला जुना फ्रिज बाहेरच्या ओट्याखाली सरकवणे हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत लवकर पस्तावा देणारा उपाय. घरगुती फ्रिजवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: ‘एसएन’ म्हणजे भोवतालचे 10 ते 32 अंश सेल्सिअस, ‘एन’ 16 ते 32, ‘एसटी’ 16 ते 38 आणि ‘टी’ 16 ते 43. उन्हात तापलेल्या ओट्याच्या पोटात ‘एन’ वर्गाची मर्यादा सहज ओलांडली जाते, मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. थंडीत वेगळीच गंमत होते. अनेक फ्रिजमध्ये दोन्ही कप्प्यांना मिळून एकच थर्मोस्टॅट असतो आणि तो खालच्या कप्प्यात बसवलेला असतो. बाहेर गार पडले की त्याला वाटते सगळे ठीक आहे, कॉम्प्रेसर सुरू होत नाही आणि फ्रीझरमधला बर्फ वितळू लागतो.

बाहेरच्या वापरासाठी बनवलेल्या फ्रिजला पाणी सोसणारे विजेचे भाग, गंजरोधक अंग आणि मोठ्या तापमानपट्ट्यात चालणारी यंत्रणा असते. ओट्याखाली बसवायचा असेल तर पुढून हवा घेणारा आणि पुढूनच सोडणारा फ्रिज निवडावा. मागून किंवा बाजूंनी उष्णता सोडणारा फ्रिज चपखल कप्प्यात बसवला की आपलीच सोडलेली गरम हवा पुन्हा आत घेत राहतो. पुढची जाळी पायपट्टीने झाकू नये; सुंदर दिसावे म्हणून गवंडी ती हटकून झाकतो. फ्रिज आणि बार्बेक्यू यांच्यामध्ये ड्रॉवर किंवा सिंकचा कप्पा आला तर बरे. जागा कमीच असेल तर मधली भिंत उष्णतारोधक थर घालून बांधावी. दुपारचे ऊन थेट दारावर येत असेल तर दाराचे रबर कडक होऊन फट पडते. आतले तापमान 5 अंशांच्या आत राहते का हे फ्रिजच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवून पाहावे, कारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. आज बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू थोड्या प्रमाणात असतो. त्याच्या नळ्यांजवळ भोक पाडणे, खिळा ठोकणे हे प्रकार करू नयेत.

वीज आणि पाणी. बाहेरच्या सर्किटला 30 मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी विजेच्या गळतीवर प्रवाह तोडणारे संरक्षण असावे. ‘आयपीएक्स4’ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणारे शिंतोडे सोसणारा सॉकेट. ओटा पाइपने धुण्याची सवय असेल तर पाण्याचा फवारा सोसणारा ‘आयपी65’ घ्यावा. फ्रिजला स्वतंत्र सर्किट द्यावे, म्हणजे पावसाने दिव्याचे सर्किट तुटले तरी फ्रिज चालू राहतो. वायरी व नळ यांसाठी कोबा घालण्यापूर्वीच जमिनीखालून रिकामे पाइप टाकावेत, आणि पुढे काही वाढवायचे झाले तर एखादा जास्तीचाही असू द्यावा. सिंकचे पाणी झाडांत सोडणे सोपे वाटते, पण त्यात चरबी असते. ते सांडपाण्याच्या वाहिनीलाच जोडावे.

साहित्य. स्टेनलेस स्टील म्हटले म्हणजे गंज नाही, हा समज समुद्राकाठी पहिल्याच वर्षात मोडतो. ‘304’ या प्रकारात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. ते बहुतेक ठिकाणी पुरते. खाऱ्या हवेत किंवा जलतरण तलावाजवळ ‘316’ लागते. त्यातले 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम क्षारांनी पडणारे बारीक खड्डे रोखते. स्वस्तातल्या ‘430’ मध्ये निकेल जवळजवळ नसते आणि त्याला लोहचुंबक घट्ट चिकटतो. चुंबकाची परीक्षा मात्र पुरी नाही, कारण मँगॅनीज वापरून केलेल्या ‘201’ लाही तो धड चिकटत नाही आणि तेही बाहेर लवकर डागाळते. तारेच्या लोखंडी घासणीने घासले तर तिचे कण पृष्ठभागात रुतून तिथेच तपकिरी ठिपके येतात.

ओट्यासाठी ग्रॅनाइट किंवा उच्च तापमानाला भाजलेली पोर्सिलेनची लादी टिकते. कृत्रिम क्वार्ट्झमध्ये राळ असते, ती उन्हाने पिवळी पडते. काळा दगड दुपारी हात टेकवू देत नाही. ओट्याला पाणी निथळेल इतका हलका उतार द्यावा, तोही फ्रिजच्या दारापासून दूर.

निगा. चरबीचा ट्रे प्रत्येक वापरानंतर पाहावा. बार्बेक्यूला लागणाऱ्या आगींमागे साचलेली चरबी हे नेहमीचे कारण आहे. पाणी गोठते अशा प्रदेशात हिवाळ्यापूर्वी नळाची वाहिनी सर्वांत खालच्या व्हॉल्व्हमधून रिकामी करतात. फ्रिज बराच काळ बंद ठेवायचा असेल तर आतून पुसून दार किंचित उघडे ठेवतात, नाहीतर रबरावर बुरशी धरते. बार्बेक्यू पूर्ण निवल्यावरच त्यावर आच्छादन घालावे, आणि दमट दिवसांत ते अधूनमधून काढून वाळवावे, कारण आत कोंडलेली ओल पावसापेक्षा लवकर गंज आणते.