गच्चीवरच्या टाकीपासून सुरू झालेलं ऑटोमेशन

सोलापुरात होम ऑटोमेशनचा विषय निघाला की लाईट-पंखे नंतर, आधी पाणी. उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही, आलं तरी कधी कधी रात्री-अपरात्री येतं, मग गल्लीभर "पाणी आलं का ओ?" सुरू होतं, खालचा हौद भरायचा, मोटार लावून वरची टाकी भरायची, आणि तेवढ्यात डोळा लागला की चार दिवसांचं पाणी गटारात. माझा पहिला रिले, म्हणजे छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच, मी यासाठीच जोडला.

रिले तसा फार जुना. 1835 मध्ये जोसेफ हेन्रीने तो करून दाखवला, नंतर तारयंत्रात वापरला गेला: लांबून आलेल्या कमजोर करंटने दुसरं सर्किट चालवायचं. आजच्या निळ्या डबीतला रिलेही तेच करतो. घरातल्या कंट्रोलची मोठी सुरुवात 1975 ची, स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स-10 आणलं, घरातल्याच विजेच्या वायरिंगमधून 120 किलोहर्ट्झचा सिग्नल पाठवायचा. आपल्याकडे मात्र मी ते कुणाच्याच घरी बघितलं नाही.

आमच्या भागात टाकी किती भरली ते कळावं म्हणून टाकीत स्टीलच्या सळया सोडून वायर खाली आणायचे. डीसी करंट सतत पाण्यातून गेला की सळयांवर थर बसतो, मग टाकी भरलेली असूनही सर्किटला रिकामी वाटते. शिवाय उन्हाने वायर कडक होऊन तुटते, ते वेगळंच. म्हणून वायरशिवाय सिग्नल पाठवणारे 433 मेगाहर्ट्झचे छोटे रेडिओ मॉड्यूल आले तेव्हा खूप बरं वाटलं, सिग्नल कोडमध्ये बदलणारी एचटी-12ई चिप वर, तो कोड उलगडणारी एचटी-12डी खाली, आणि अँटेना म्हणून साधी वायर, बरोबर 17.3 सेंटीमीटर कापलेली, कारण त्या लहरीचा चौथा भाग तेवढाच होतो. पट्टी लावून कापली तर दोन स्लॅबखाली सिग्नल पोचायचा, अंदाजे कापली तर जिन्यातच संपायचा.

2005 मध्ये इटलीत आर्डुइनो, म्हणजे सहज प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, सुरू झालं होतं, पण खरं चित्र बदललं ते 2014 ला, शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी-8266 या वायफाय चिपमुळे. सुरुवातीला लोक तिला नुसता वायफाय मोडेम समजून दुसऱ्या बोर्डाला जोडायचे, मग कळलं की प्रोग्राम या चिपमध्येच बसतो, आणि सेन्सर, वायफाय, रिलेचा कंट्रोल सगळं एकाच बोर्डावर आलं. उपकरणांमध्ये निरोप पोचवायला एमक्यूटीटी नावाचा प्रोटोकॉल तयारच होता, 1999 मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटमार्फत लक्ष ठेवायला बनवलेला, कमी डेटात काम करणारा. पाइपलाइनसाठीची गोष्ट पाण्याच्या टाकीला चपखल बसली यात मला तरी नवल वाटत नाही.

एक गोष्ट मात्र नव्याने करणाऱ्यांनी ऐकाच. रिलेवर 10 अँपिअर छापलेलं बघून मी एक एचपीची मोटार थेट लावली होती. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, दोन महिन्यांत कॉन्टॅक्ट चिकटले, फोनवर "बंद" दिसत होतं आणि मोटार चालूच, पाणी जिन्यावरून रस्त्यावर. तेव्हापासून रिले फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड भार पेलणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवतो, मोटारीचा भार कॉन्टॅक्टर घेतो. आणि लाईट जाऊन आली की मोटार आपोआप सुरू होऊ नये म्हणून टॅस्मोटा या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवरऑनस्टेट हे सेटिंग शून्य ठेवायचं, हे मी आता बोर्ड भिंतीवर लावायच्या आधीच करतो.