मापानं शिवलेली भिंत

नेदरलँड्समध्ये कुठल्याही गावात गेलं तरी ती घरं दिसतातच. एकमेकांना खेटून रांगेनं उभी, दुमजली, विटांची. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची भीषण टंचाई होती, म्हणून पुढच्या दोन-तीन दशकांत अशी घरं भराभर बांधली गेली. त्यांतली पुष्कळशी गृहसंस्थांच्या मालकीची आहेत आणि माफक भाड्यानं दिलेली आहेत. बाहेरून नीटनेटकी दिसतात, पण उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत चाळणीसारखी.

१९५९ मध्ये देशाच्या उत्तरेला स्लोख्टरेन गावाजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि घरोघरी गॅस पोचला. इंधन स्वस्त असताना भिंतीतून किती ऊब निसटते, हे मोजायची गरज कुणाला वाटणार? पण वायू उपसल्यामुळे त्या भागात जमीन हादरू लागली. २०१२ मध्ये हायझिंगे गावात ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, घरांना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथला नियमित उपसा थांबला.

मग जुन्या घरांचं काय करायचं? आधी उष्णतेचा हिशेब पाहू. आत आणि बाहेर १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटर भिंतीतून जितके वॅट उष्णता जाते, तिला त्या भिंतीचं यू-मूल्य म्हणतात. विटांचे दोन थर आणि मध्ये नुसती पोकळी, अशा जुन्या भिंतीचं यू-मूल्य साधारण १.५ असतं. आत २० अंश आणि बाहेर ० अंश असेल, तर १०० चौरस मीटर भिंतीतून ३,००० वॅट सतत बाहेर जात राहतात. म्हणजे दीड हजार वॅटचे दोन हीटर रात्रंदिवस अंगणात लावून ठेवल्यासारखं. हेच मूल्य ०.२ वर आणलं, तर गळती ४०० वॅटवर येते.

हे करण्याची जुनी रीत म्हणजे परांची बांधा, थर चढवा, गिलावा करा, खिडक्या बदला. महिनोन्‌महिने धूळ, आणि राहणाऱ्यांनी जायचं कुठे? २०१० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये सरकारी पैशातून सुरू झालेल्या ‘एनर्जीस्प्रॉंग’ या उपक्रमानं, म्हणजे ‘ऊर्जेच्या झेपे’नं, इथेच वेगळा विचार केला. काम घरापाशी करायचंच नाही, कारखान्यात करायचं.

आधी शिंप्यानं माप घ्यावं तसं घराचं माप घेतात, फक्त टेपऐवजी लेझरनं. जुनं घर कधीच काटकोनात नसतं. भिंत कुठे फुगलेली असते, कुठे कललेली, आणि शेजारच्या दोन खिडक्यासुद्धा अगदी सारख्या नसतात. लेझर स्कॅनरनं टिपलेल्या लाखो बिंदूंवरून संगणकात घराची हुबेहूब प्रतिकृती तयार होते. तिच्याबरहुकूम कारखान्यात लाकडी चौकटीचे मोठे फलक बनतात. त्यांत उष्णतारोधक भरलेला असतो, खिडक्या-दारं काचेसकट बसवलेली असतात, बाहेरचा दर्शनी थरही तयार असतो. ट्रकवरून आलेला फलक क्रेननं उचलून जुन्या भिंतीवर चढवतात. उरलेल्या उंचसखल फटीत दबणारं मऊ रोधक बसतं. छपरावर सौरपट्ट्यांसकट नवं छप्पर येतं. चांगली तयारी असेल तर सगळं दहाएक दिवसांत उरकतं, आणि कुटुंब त्याच घरात राहतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

फलक बाहेरून लागतो, यातही शहाणपण आहे. जुनी जड वीट आता पांघरुणाच्या आत येते, ऊब साठवते आणि सावकाश परत देते. भिंत आणि मजल्याचा स्लॅब जिथे मिळतात, तिथून पळणारी उष्णताही बरीच अडते. पण फटी बुजल्या की ताजी हवाही बंद होते, ओल साचते, बुरशी धरते. म्हणून सोबत यांत्रिक वायुवीजन येतंच. बाहेर जाणारी उबदार, वापरलेली हवा पातळ पडद्यापलीकडून आत येणाऱ्या गार हवेला आपली उष्णता देऊन जाते. हवा बदलते, ऊब घरात राहते. उरलेली गरज उष्णतापंप भागवतो. १ युनिट विजेवर तो बाहेरच्या हवेतून खेचलेली उष्णता धरून साधारण ३ युनिट ऊब घरात आणतो.

पैशाचं गणित असं, की भाडेकरू वीज-गॅसच्या बिलासाठी जे मोजत होता, त्यातला वाटा गृहसंस्थेला द्यायचा आणि तिनं त्यातून या कामासाठी काढलेलं कर्ज फेडायचं. २०१६ मध्ये त्यासाठी कायदा झाला. घर वर्षाकाठी ठरलेली ऊर्जा खरोखर निर्माण करून देणार असेल, तरच ही रक्कम घेता येते. शिवाय इमारतीतल्या किंवा रांगेतल्या किमान ७० टक्के भाडेकरूंची संमती लागते. मला हा नियम फार योग्य वाटतो, घर शेवटी त्यांचं आहे.

२०१३ मध्ये गृहसंस्था आणि बांधकाम कंपन्यांनी १,११,००० घरांचं उद्दिष्ट ठरवलं होतं. प्रत्यक्षात गाडी त्याच्या खूपच मागे राहिली. खर्च उतरला, पण अपेक्षेइतका नाही. प्रत्येक रांगेची मापं, मालक, परवानग्या वेगळ्या. तरीही कल्पना सीमा ओलांडून गेली. २०१७ मध्ये ब्रिटनच्या नॉटिंगहॅममध्ये अशी घरं झाली. फ्रान्स आणि जर्मनीतही कामं सुरू झाली.

या घरांचं मीटर वर्षाअखेरीस शून्यावर येतं, पण ते शून्य वर्षभराची गोळाबेरीज असते. उन्हाळ्यात छपरावर जास्तीची वीज, हिवाळ्यात ओढ ग्रिडवर, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यावर. नेदरलँड्समध्ये ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून थेट वजा करण्याची सवलत १ जानेवारी २०२७ ला संपते. त्यानंतर सौरपट्ट्यांचा हिशेब नव्यानं मांडावा लागेल. भिंतीतून जाणारे ४०० वॅट मात्र ४०० च राहतील.