पोपट आणि फिंच एकाच पिंजऱ्यात ठेवायचे आहेत?

पिंजऱ्याची मापं घ्यायला गेलो की बहुतेक ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतात: "पिंजरा एवढा मोठा होतोय, तर बजींबरोबर चार फिंच सोडल्या तर चालतील ना?" (बजी म्हणजे बजरिगर, छोटा पोपट. फिंच म्हणजे चिमणीहून लहान, दाणे खाणारा पक्षी.) कधी चालतं, कधी नाही. पिंजऱ्याची ऑर्डर देण्याआधी हे वाचून घ्या, कारण जाळी कुठली आणि मधे आडोसा लागेल का, हे त्यावरच ठरतं.

पोपटाची चोच म्हणजे त्याचा हात. चढायला, चाचपायला, शेजाऱ्याला हटकायला तो चोचच पुढे करतो. दुसरा पोपट तसंच उत्तर देतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. झेब्रा फिंचचं वजन मात्र जेमतेम १२ ग्रॅम आणि पाय काडेपेटीतल्या काडीहून बारीक. तीस-चाळीस ग्रॅमच्या बजीने नुसतं "सरक" म्हणून चावलं तरी तिचं बोट जाऊ शकतं. "आमचा बजी फार गरीब आहे हो" हे खरंच असेल, पण त्याने बोट वाचत नाही.

कोणाचं कोणाशी जमतं

बोर्क्स पॅराकीट हा छोटा पोपट सगळ्यांत शांत. कॉकटेल (डोक्यावर तुरा असलेला पोपट) आकाराने मोठा असला तरी फिंचच्या वाटेला सहसा जात नाही. त्याची खोड एकच: रात्री दचकतो. अंधारात एक फडफडला की सगळा पिंजरा उधळतो, घरट्यातली फिंच उडते आणि अंडी गार पडतात. म्हणून रात्री एक मंद दिवा ठेवा.

बजी बेभरवशाचे. ऐसपैस जागेत एरवी निभतं, पण अंडी घालायच्या तयारीत असलेली मादी दिसेल त्या पोकळीत शिरते आणि आतली अंडी-पिल्लं संपवते. फिंचची पैदास करायची असेल तर बजी वेगळेच ठेवा.

लव्हबर्ड नकोच. (पुष्कळ जण बजीलाच लव्हबर्ड म्हणतात. आम्ही म्हणतोय तो आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आफ्रिकन पक्षी.) पॅरटलेट हा पोपट दिसतो एवढासा, पण त्याच्याही नादी लागू नका.

मधली जाळी दुहेरीच

दोघं हवेतच असतील तर आमचा सल्ला: पिंजरा एक, कप्पे दोन. हा धडा आम्ही स्वतःच्याच पिंजऱ्यात शिकलो. मधे एकेरी जाळी लावली होती. एका सकाळी एक फिंच एका पायावर बसलेली दिसली. आम्हाला वाटलं, डुलकी काढतेय. जवळ गेलो तर दांडीवर रक्ताचा ठिपका आणि दुसऱ्या पायाचं मधलं बोट अर्धं. ती जाळीला लटकली होती, पलीकडून बजीने पकडलं. तेव्हापासून आम्ही दोन जाळ्यांत किमान दोन इंच अंतर ठेवतो.

जाळीचे चौकोन अर्ध्या इंचाचे, तार मात्र पोपटाला तुटणार नाही अशी जाड. नव्या गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) जाळीवर जस्ताचे सुटे कण असतात. पोपट जाळी चघळतो आणि विषबाधा होते. आम्ही व्हिनेगर-पाण्याने घासून देतो, तुम्ही पक्षी सोडण्याआधी पुन्हा एकदा धुवा.

एकत्रच सोडणार असाल तर

दहा फूट लांब, पाच फूट रुंद पिंजऱ्यात कॉकटेलची एक जोडी आणि झेब्रा फिंचच्या तीन जोड्या, याहून जास्त गर्दी नको. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. फिंच आडवी उडते. सगळ्यांत वरची जागा प्रत्येकालाच हवी असते, तेव्हा वर एकच दांडी न लावता एकाच उंचीवर तीन-चार लावा. फिंच आधी सोडा. लपायच्या जागा त्यांना पाठ झाल्या की पोपट आणा. नवा पक्षी कुठलाही असो, आधी महिनाभर वेगळा.

दाण्यांची भांडी दोन-तीन ठिकाणी हवीत, नाहीतर पोपट भांड्यातच ठाण मांडतो. पाण्याचं भांडं दांडीखाली नको. आणि भांडं भरलेलं दिसलं म्हणून पुढे जाऊ नका. हे पक्षी दाणा सोलून फोलपट तिथेच टाकतात, त्यामुळे वर सगळी फोलपटंच असतात. रोज सकाळी फुंकर मारून बघा. फिंचला दिवसभर थोडं थोडं खावं लागतं. एक दिवसाची उपासमारही जिवावर बेतते.

कोणते पक्षी आणि किती, ते मापं घेतानाच सांगा. एकेरी पिंजऱ्यात दुहेरी जाळी नंतरही बसवता येते, पण त्यासाठी पिंजरा पूर्ण रिकामा करावा लागतो.