वयानंतरही मेंदू शिकतो

‘वय झाले की मेंदू पक्का होतो, पक्षाघाताने लुळा पडलेला हात मग शिकत नाही,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. तो बरोबर नाही. १९८५ पासून, कवटी न उघडता, डोक्यावर धरलेल्या चुंबकीय कॉइलने हालचालींचा मेंदूभाग चेतवता येतो. तेव्हा विरुद्ध बाजूचा अंगठा उडतो, आणि बोटांच्या सरावाआधी व सरावानंतर मोजले असता त्या बोटांचा मेंदूतील नकाशा, म्हणजे ती बोटे हलवणारा मेंदूचा भाग, प्रौढांतही विस्तारलेला आढळतो. हर्णै बंदरावर जाळी शिवणाऱ्या उजव्या हाताच्या वयस्क माणसाने पंधरवडाभर डाव्या हाताने सुई चालवून पाहावी: सैल पडणाऱ्या गाठी हळूहळू घट्ट बसू लागतात. उपचार म्हणून घेतलेल्या कॉइलच्या एका बैठकीचा परिणाम मात्र बहुधा तासाभरात ओसरतो, त्यामुळे ती व्यायामाची जागा घेत नाही. लुळ्या हातात किती सुधारणा होईल, हे इजेच्या व्याप्तीवरही अवलंबून असते.