फ्रोडोची रेघ का थरथरते?

मी सातवीत असताना मामेभावाने न्यू जर्सीहून एक व्हिडिओ कॅसेट आणली. अमेरिकेतली टीव्हीची पद्धत वेगळी, आपली वेगळी. आमच्या व्हीसीआरवर ती लावली की रंग गायब व्हायचे आणि चित्र मधूनच वर सरकायला लागायचं. अशा काळ्यापांढऱ्या, सरकत्या अवस्थेत मी राल्फ बक्षी यांचा 1978 चा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा ॲनिमेशनपट पहिल्यांदा पाहिला. (आडनाव बघून फसू नका. जन्म हैफाचा, वाढले ब्रुकलिनमध्ये.) टोल्कीनची कादंबरी मी नंतर वाचली आणि पीटर जॅक्सनचे भव्य सिनेमे तर त्याच्याही बऱ्याच नंतर आले. माझ्या डोक्यातले काळे घोडेस्वार मात्र अजून बक्षींचेच आहेत.

या सिनेमाला नावं ठेवायला फार अक्कल लागत नाही. सारुमान नावाच्या जादूगाराला मधेच ‘अरुमान’ म्हणतात. योद्धा ॲरागॉर्न विजार घालायची विसरल्यासारखा फिरतो. हेल्म्स डीपची लढाई संपली की सिनेमाही संपतो, अर्धी गोष्ट वाऱ्यावर सोडून. पण सगळ्यात मोठी तक्रार चित्रांबद्दल असते. माणसं चित्रातली वाटत नाहीत आणि खरीही वाटत नाहीत. रेघा थरथरतात. एकाच चौकटीत दोन वेगळ्या सिनेमांतली पात्रं शेजारीशेजारी बसल्यासारखी दिसतात.

तक्रार खरी आहे. फक्त मला असं वाटतं की ज्या कारणाने या सिनेमातले हॉबिट, म्हणजे गोष्टीतली बुटकी माणसं (नायक फ्रोडो त्यांच्यातलाच), अवघडल्यासारखे दिसतात, त्याच कारणाने त्यातले ऑर्क, म्हणजे शत्रूचे राक्षसी सैनिक, अंगावर येतात. आणि ते कारण पडद्यावर कमी, आपल्या मेंदूत जास्त आहे.

बक्षींनी वापरलेलं तंत्र म्हणजे रोटोस्कोप. मॅक्स फ्लायशर यांनी त्याच्या पेटंटसाठी 1915 मध्ये अर्ज केला. आधी खऱ्या माणसाचं चित्रीकरण करायचं, मग त्याची एकेक फ्रेम खालून काचेवर पाडून वर कागदावर गिरवायची. फ्लायशरांचा भाऊ डेव्ह विदूषकाचा पोशाख घालून नाचला आणि त्याच्यावरून कोको नावाचा कार्टून विदूषक जन्माला आला. गिरवण्याचं हे काम संपलेलं नाही. मुंबईतल्या व्हीएफएक्स (सिनेमातली दृश्यकरामत) स्टुडिओंत ‘रोटो आर्टिस्ट’ परदेशी सिनेमांतल्या नटांच्या कडा आजही फ्रेममागून फ्रेम गिरवत बसलेले असतात. कागदाऐवजी स्क्रीन, एवढाच फरक.

बक्षींनी लढाईची दृश्यं स्पेनमध्ये खऱ्या माणसांना घेऊन चित्रित केली. त्यांचा एक किस्सा आहे. तिथल्या प्रयोगशाळेत फिल्म धुतल्यावर फ्रेममध्ये टेलिफोनच्या तारा, गाड्या, हेलिकॉप्टर असं काय काय दिसायला लागलं आणि तिथले लोक हबकले. बक्षी निवांत होते. जे गिरवायचं नाही ते कागदावर येणारच नाही.

गिरवणं किती कठीण आहे ते मी मागच्या दिवाळीत करून पाहिलं. भाची दोरीवरच्या उड्या मारत होती. मोबाइलवर तिचा एक सेकंद उचलला, त्यातल्या एक सोडून एक अशा बारा फ्रेम छापून आणल्या आणि खिडकीच्या काचेवर धरून ट्रेसिंग पेपरवर बॉलपेनने गिरवल्या. दुपार गेली. बारा कागदांचे फोटो ओळीने लावून चालवले आणि भाची ओरडली, “अरे मामा, माझं नाक उकळतंय!”

तिला ठाऊक नव्हतं, पण ॲनिमेशनवाले इंग्रजीत या प्रकाराला अगदी हेच, रेघेचं उकळणं, म्हणतात. प्रत्येक कागदावर नाक मी नव्याने काढलेलं. एकदा अर्धा मिलिमीटर डावीकडे, एकदा उजवीकडे. एकेका कागदावर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आता हिशेब करू. कागद 30 सेंटिमीटर रुंद असेल आणि तो 10 मीटर रुंदीच्या पडद्यावर टाकला, तर अर्ध्या मिलिमीटरची चूक जवळजवळ 17 मिलिमीटरची होते. पंधरा मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्याशी ती सुमारे चार कलांचा कोन करते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. निरोगी डोळ्याला एका कलेचा तपशील दिसतो, आणि सरळ रेघ किंचित सरकली असेल तर त्याहूनही कितीतरी बारीक फरक कळतो. मग चार कलांची थरथर लपणार कशी? सिनेमा दोन तास बारा मिनिटांचा, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे सुमारे 1 लाख 90 हजार फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी प्रत्येक पात्रामागे हजारो कागद, आणि ते गिरवणारे हातही वेगवेगळे.

मुळात बारा कागद ओळीने दाखवले की उडी का दिसते? शाळेत आपल्याला उत्तर शिकवलं होतं, दृष्टिसातत्य. वस्तू नजरेआड झाली तरी तिची प्रतिमा डोळ्यात सेकंदाच्या सोळाव्या भागाएवढी रेंगाळते, म्हणून चित्रं जोडली जातात. परीक्षेला ठीक आहे. पण नुसत्या प्रतिमाच रेंगाळल्या असत्या तर उडी दिसली नसती, एकावर एक बारा भाच्या दिसल्या असत्या. पडद्यावरचा प्रकाश लुकलुकताना दिसत नाही याचा संबंध डोळ्याच्या या मंदपणाशी आहे. जुने प्रोजेक्टर एकच फ्रेम दोनदा किंवा तीनदा चमकवत, ते त्यासाठीच. हालचाल मात्र मेंदू स्वतः तयार करतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी 1912 मध्ये दाखवलं की दोन जागच्या दोन रेघा योग्य अंतराने एकामागून एक चमकवल्या, तर मध्ये काहीही नसताना माणसाला सरकण्याची क्रिया दिसते.

मेंदूच्या मागच्या भागात या कामाचा वेगळा विभागच आहे. तो बिघडला तर काय होतं, याचं 1983 मध्ये प्रसिद्ध झालेलं एक वर्णन वाचून मी बराच वेळ हातातल्या चहाकडे बघत बसलो होतो. त्या रुग्ण बाईंना रंग दिसत, वस्तू ओळखता येत, फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार त्यांना हिमनदीसारखी गोठलेली दिसायची. कप भरत आलाय हे कळायचंच नाही.

आता हॉबिटांकडे येऊ. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या गुन्नार योहानसन यांनी 1973 मध्ये एक साधा प्रयोग केला. माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर प्रकाशाचे ठिपके लावले आणि बाकी सगळा अंधार केला. माणूस स्थिर असेल तर दिसतात नुसते विखुरलेले ठिपके. त्याने पाऊल उचललं की सेकंदाच्या छोट्याशा अंशात बघणाऱ्याला कळतं, माणूस चाललाय. चेहरा नाही, कपडे नाहीत, बाह्यरेषाही नाही. पुढे 1977 मध्ये जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी दाखवलं की नुसत्या ठिपक्यांवरून लोक आपल्या मित्रांची चाल ओळखतात, आणि चालणारा पुरुष आहे की स्त्री हेही नुसत्या अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर सांगतात. बक्षींची माणसं बहुधा त्याच सुमारास टेबलांवर वाकून हॉबिट गिरवत असतील.

रोटोस्कोपमध्ये नेमकी चाल वाचते. चेहरा पुसला, त्वचेचा पोत गेला, पण शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं जातं ते शिल्लक राहतं. इथे गोची आहे. या सिनेमातल्या फ्रोडोला आवाज ख्रिस्तोफर गार्ड यांचा आणि शरीर शॅरन बेअर्ड या अभिनेत्रीचं. त्याचा सोबती सॅम याच्यासाठी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले ते बिली बार्टी. म्हणजे चेहरा चित्रकाराचा, आवाज एकाचा आणि चाल तिसऱ्याच व्यक्तीची. आपल्या मेंदूला चालीवरून माणूस ओळखायची जन्मजात खोड आहे. हे तिघे एक नाहीत हे तो शब्दांत सांगत नाही, फक्त कुरकुरत राहतो. फ्रोडोकडे बघताना मला कायम काहीतरी खटकायचं, त्याचं कारण हेच असावं असा माझा तर्क आहे.

नेहमीच्या कार्टूनमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे चित्रकार चालच नव्याने रचतो. उडीच्या आधी पात्र जास्त दबतं, हवेत ताणलं जातं, पडताना चपटं होतं. खरा माणूस असं करत नाही, म्हणून मेंदूही त्याला खऱ्या माणसाच्या फूटपट्टीने मोजत नाही. गोष्टीतल्या ब्री गावच्या खानावळीत ही दोन जगं एकाच टेबलाशी येतात. हॉबिट पूर्ण रंगवलेले आणि मागची गिऱ्हाईकं म्हणजे रंगाचा हात फिरवलेले खरे नट. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्ये लिहिलं होतं की कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आवडत जाते, पण जवळजवळ माणूस वाटू लागली की अचानक नकोशी होते. आलेखात तिथे दरी पडते, आणि आकृती हलती असेल तर ती दरी आणखी खोल होते. ब्रीचं दृश्य त्या दरीच्या तळाशी आहे. मी आजही ते पुढे पळवतो.

मग ऑर्क का अंगावर येतात? वेळ आणि पैसा हातातून निसटायला लागला तसं गिरवणं कमी झालं. लढाईच्या दृश्यांत चित्रीकरणातले मधले करडे रंग उडवून फक्त गडद आणि उजळ भाग ठेवले आणि वरून रंग चढवला. चेहरा म्हणजे काळा डाग, त्यात डोळे आणि सुळे. ही काटकसरच म्हणायची. पण अशा चित्रांचा अभ्यास मानसशास्त्रात जुना आहे. क्रेग मूनी यांनी 1957 मध्ये फक्त काळ्या आणि पांढऱ्या डागांत उरलेले चेहरे लोकांना दाखवले होते. क्षणभर नुसते डाग दिसतात, मग एकदम चेहरा उभा राहतो आणि त्यानंतर काही केल्या पुसता येत नाही. नाक, गाल, जबडा यांच्या कडा कागदावर नसतातच, त्या बघणारा घालतो. हॉबिटच्या चेहऱ्यात चित्रकाराने सगळं भरून दिलंय, म्हणून चूक दिसते. ऑर्कचा चेहरा ज्याचा त्याने पूर्ण करायचा असतो, आणि तिथे चूक काढणार कोण? माझ्या बिनरंगी कॅसेटमध्ये तर तेवढाही रंग नव्हता. मला सर्वांत भयंकर आवृत्ती फुकटात मिळाली होती.

काळ्या स्वाराच्या दृश्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. चार हॉबिट झाडाच्या मुळांखाली लपलेत, वर रस्त्यावर स्वार थांबलाय. जॅक्सननी 2001 मध्ये जवळपास हीच रचना पुन्हा वापरली. बक्षींचा स्वार घोड्यावरून उतरतो आणि लंगडत, हुंगत पुढे येतो. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही, पण लंगडणं खऱ्या माणसाचं आहे.

भाचीला मी हेच दृश्य दाखवलं, यावेळी लॅपटॉपवर आणि पूर्ण रंगात. स्वार उतरला तशी तिने पाय सोफ्यावर घेतले. मी स्पेसबार दाबला. ती स्क्रीनजवळ गेली, नाक लावून बघून आली आणि म्हणाली, “हे तर नुसतं काळं कापड आहे.” मी पुन्हा स्पेसबार दाबला. पाय परत वर.